हात मांडीखाली

यशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नातीशी लूडो खेळताना लबाडी करत होते. रेवा पाणी प्यायला उठली होती आणि मी तिची सोंगटी हळूच दोन घरं मागे सरकवली होती. या वयात माणसाला एवढा तरी अधिकार असावा. फोन यशूच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारणीचा होता. "काकू, रंगारी मिस गेल्या... झोपेतच." मी म्हणाले, "थांबा जरा." काय थांबवायचं होतं मला, कोण जाणे. ती बिचारी खरंच थांबली. फोनमधून तिच्या घरच्या कूलरची घरघर ऐकू येत राहिली. रेवा परत आली, पटाकडे बघून म्हणाली, "आजी, तू पुन्हा..." आणि माझ्या तोंडाकडे बघून खाली बसली. मी सोंगटी जागेवर ठेवली. कुणी न सांगता ठेवली, हे माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

यशोधरा रंगारी हे नाव नागपूरच्या बाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण या गावात पियानो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यातल्या पुष्कळांना ते तिच्यामुळे. शिकवण्या तर तिने आयुष्यभर केल्याच, पण तिचा खरा जीव होता तो दर हिवाळ्यात एका शाळेच्या सभागृहात होणाऱ्या मैफलीत. पोरं वाजवायची, पोरंच ऐकायची, आणि आम्ही आईबाप मागे बसून शहाणे असल्याचा आव आणायचो. या मैफलींपैकी शेवटची मी संपवली. कार्यक्रम पार पाडला अशा अर्थाने नव्हे. मी ती मधूनच तोडली. लिहायला बसले ते त्यासाठीच, पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की म्हातारी नुसती रडायला बसली आहे.

आमची ओळख झाली ती रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत. लकडगंजातले हमाल, जे एरवी सागाचे ओंडके वाहतात, ते एक भलं मोठं काळं कपाट जिन्यावरून वर चढवत होते आणि एक सडपातळ बाई खालून ओरडत होती, "हळू गा भाऊ, लाकूड नाही ते!" मी तेव्हा नुकती नरखेडकडून लग्न होऊन आलेली. पेटीवर चार भजनं वाजवता येत होती, म्हणून स्वतःला संगीताची जाणकार समजत होते. डोक्यावर पदर, डोक्यात हवा. मी पुढे होऊन विचारलं, "एवढी मोठी पेटी? कोण वाजवते?" ती म्हणाली, "मी." मी लगेच पुढचा प्रश्न टाकला, जो आमच्याकडच्या बायका चहाच्या आधी टाकतात. "आडनाव काय तुमचं?"

"रंगारी. आता पुढचं विचारा."

"पुढचं काय?"

"जे विचाराले आडनाव विचारलं, ते."

माझे कान तापले. ती मात्र मजेत हसत होती. मग म्हणाली, "चहा चालते का आमच्याकडचा?" मला चालतो हे सिद्ध करण्याची एवढी घाई झाली की तिच्या घरी उकळता चहा मी एका दमात प्यायले आणि जीभ भाजून घेतली. ती बघत होती. "कोणी हिसकून घेणार नव्हतं वं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती माझी यशू. तिने माझा स्वभाव पहिल्याच कपात ओळखला होता. मला धीर धरवत नाही.

तिचे वडील एका मिशनच्या शाळेत माळी होते आणि तिथल्याच एका सिस्टरनी तिला पियानो शिकवला. ही गोष्ट लोक फार हळवेपणाने सांगायचे, खिडकीबाहेर उभी राहून सूर टिपणारी मुलगी वगैरे. यशूला त्याचा राग यायचा. "मी काही खिडकीत उभी नाही राहत होती. आतमध्ये पंखा होता. उन्हाच्यानं आत जाऊन बसत होती. सिस्टर म्हणे, बसलीच आहेस तर बोटं हलव." पियानो तिने एका बदली झालेल्या रेल्वे अधिकाऱ्याकडून घेतला होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं लाकूड सुकायचं, पावसाळ्यात फुगायचं. म्हणून पाऊस लागला की ती पियानोची खालची फळी काढून आत एक छोटा बल्ब लावून ठेवायची, ओल धरू नये म्हणून. संध्याकाळी खोलीत दिवा नसला की त्या काळ्या कपाटाच्या फटीतून पिवळा उजेड यायचा. मी म्हणायचे, "देवघर केलं वं तू त्याचं." ती म्हणायची, "देवाले ओल नाही लागत."

माझा मुलगा प्रशांत तिच्या पहिल्या शिष्यांपैकी. पहिल्या मैफलीला मी काय थाटात गेले होते ते आठवलं की आज माझं मलाच हसू येतं. रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा, आणि मागे आमच्या भिशीची सगळी फौज. मी त्यांना सांगितलं होतं की आपला प्रशांत आता विलायती वाजवतो. प्रशांत वाजवायला बसला, चांगला चालला होता, आणि मधेच अडला. बोटं थांबली. सभागृह शांत. मला ती शांतता सहन झाली नाही. मी उभी राहिले, "वाजव रे राजा, घाबरू नको!" म्हणत जोरजोरात टाळ्या पिटू लागले. भिशीच्या बायकाही उठल्या. पोरगं पियानोवरून उठलं आणि पळत पडद्यामागे जाऊन बॅडमिंटनच्या जाळीच्या ढिगात तोंड खुपसून बसलं.

कार्यक्रमानंतर यशूने मला कोपऱ्यात घेतलं. "काहून टाळी वाजवली?"

"पोराले धीर द्याले."

"धीर नाही दिला. तू त्याले सांगितलं का तुले येत नाही, आता पुरे कर. जरा थांबली असती तर सापडलं असतं त्याले."

"अन् नसतं सापडलं तं?"

"तं त्याले तरी समजलं असतं."

तेव्हा मला ते फार पटलं नव्हतं. मास्तरीण आहे, बोलणारच, असं वाटलं. पण पुढच्या वर्षी मैफल सुरू होण्याआधी यशू मंचावर आली आणि तिने तिचा नियम सांगितला, जो मग कायमचा झाला. वाजवणारं कुणी मधे अडलं तर टाळी नाही, नाव घेणं नाही, खोकणं नाही, चुकचुकणं तर मुळीच नाही. सगळ्यांनी आपापले हात मांडीखाली घालायचे आणि थांबायचं. "ज्यांले आपले हात आवरत नाहीत, त्यांच्यासाठी आहे हे," असं म्हणत ती पहिल्या रांगेत माझ्याकडे बघत होती. सगळं सभागृह हसलं. त्या वर्षीही प्रशांत अडला. त्याच जागी. आणि मी पाहिलं की माझ्या डावी-उजवीकडे सगळे, सोन्याची अंगठी घातलेले लकडगंजचे शेठ, इस्त्रीच्या कपड्यांतले साहेब, नऊवारीतल्या आज्या, लहान पोट्टे, सगळ्यांनी एकदम हात मांडीखाली घातले. थंडीचे दिवस, खुर्च्या लोखंडी. कुणी हललं नाही. प्रशांतने एकदा छताकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे... आणि त्याला सापडलं. पुढे त्याने काय वाजवलं ते मला ऐकूच आलं नाही, इतकी मी रडत होते. पण हात मांडीखालीच होते. पुसायलाही काढले नाहीत.

पोरांना ऐकायला शिकवायची तिची एक युक्ती होती. मैफलीच्या मधे ती स्वतः एखादा तुकडा वाजवायची आणि म्हणायची, "हा तुम्हाला फसवणार आहे. वाटेल की संपला. ज्याला वाटेल की खरंच संपला, त्याने हात वर करायचा." ते विलायती संगीत फार लबाड. संपल्यासारखं करतं आणि पुन्हा वळून येतं. पोरं श्वास रोखून बसायची. कुणी हात वर केला की सूर पुन्हा सुरू व्हायचे आणि सगळे खो-खो हसायचे. दर वर्षी सर्वात आधी हात वर करणारी मी. आधी "काकू फसल्या!" ओरडायचे, मग "आजी फसली!" ओरडू लागले. मी मुद्दाम फसते असं लोकांना वाटायचं. यशूला ठाऊक होतं की मी खरोखरच फसते. या खेळात किती पोरं शास्त्रीय संगीत ऐकायला शिकली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण आज कुठल्या तरी लग्नात एखादा पोट्टा मला भेटतो आणि म्हणतो, "काकू, अजून मी गाणं संपायच्या आधी टाळी नाही वाजवत." मग मी विषय बदलते.

एकदा मी तिला माझ्या माहेरी नेलं. संत्र्याच्या बागांमधलं गाव, शाळेचं पटांगण, जनरेटर आणि विजेवर चालणारा छोटा पियानो. गाव जमलं होतं. यशू वाजवत होती आणि मधेच कुणीतरी ओरडलं, "लाइट आली!" झालं. सगळे बाप्ये उठले, मोटारसायकली सुरू झाल्या, आपापल्या विहिरींवर मोटार चालू करायला पळाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं माहेर ते! मी उठून ओरडायला लागले, तर यशूने वाजवणं थांबवून मलाच बसवलं. "काहून ओरडून राहिली? झाडं बी तहानलेलीच आहेत." आणि पाठमोऱ्या माणसांना हाक मारून म्हणाली, "पाणी सोडून या गा भाऊ, मी थांबते." ती खरंच थांबली. हात मांडीवर ठेवून, बायका-पोरांशी गप्पाही न मारता. माणसं चिखलाच्या पायांनी परत आली, बसली, आणि तिने जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. कार्यक्रम झाल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "आमी येतवरी गाणं थांबलं होतं का वं बाई?" यशू म्हणाली, "होय, बाबाजी. इथंच होतं. कुठं जाते?"

मागच्या दोनेक वर्षांत ती विसरू लागली होती. चहात मीठ पडायचं. रेवा तिच्याकडे शिकायला जाऊ लागली होती, तिला ती प्रशांत म्हणून हाक मारायची आणि मग स्वतःच हसायची. मी हसायचे नाही. मी पाळत ठेवायचे. आपण पाळत ठेवतो तेव्हा त्याला काळजी म्हणतो, हेही तेव्हाच कळलं. मागच्या हिवाळ्यात मी तिला म्हटलं, "या वर्षी पोरांले वाजवू दे, तू नको." दर मैफलीचा शेवटचा तुकडा ती स्वतः वाजवायची, समोर वही न ठेवता. ती म्हणाली, "पोट्ट्यांनी पाहिलं पाहिजे का मिस बी अडते."

आणि ती अडली. तुकडा संथ होता. सूर एकेक पायरी खाली उतरत गेले आणि थांबले. तिचे हात पट्ट्यांच्या थोडे वर, हवेत. माझ्या शेजारी रेवाने हात मांडीखाली घातले. मागे खुर्च्या करकरल्या, म्हणजे सगळ्यांनी घातले. मीही घातले, खोटं कशाला सांगू. मी पहिल्या रांगेत होते, मला तिचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. ओठ किंचित हलत होते. मला चहातलं मीठ आठवलं. मला वाटलं, ती आता डोळे उघडेल आणि तिला कळणारच नाही की आपण कुठे आहोत, सगळ्या गावासमोर... आणि माझे हात निघाले. मी टाळी वाजवली.

पहिली टाळी एकटीच वाजली. मग मागच्या पालकांना वाटलं, संपलं. सभागृहाने टाळ्या उचलल्या, लोक उभे राहिले, कुणीतरी गुच्छ घेऊन मंचावर चढलं. फक्त पुढची पोरं हात मांडीखाली ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. यशूने डोळे उघडले. तिने टाळ्यांकडे पाहिलं नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण एखाद्या पोराला सायकल शिकवावी आणि ते पुन्हा त्याच खांबावर आदळावं, तसं. मग तिने झाकण लावलं, उठली, आणि लवून नमस्कार केला.

परत येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "काहून वं?"

"मले पाहावलं नाही."

"तुले पाहावलं नाही, म्हणून माझं संपलं?"

त्यानंतर तिने लोकांसमोर कधी वाजवलं नाही. शिकवत राहिली, पण पुढच्या मैफलीचं नाव काढलं की म्हणायची, "टाळी वाजली ना? मग संपलं." मी तिच्याकडे रोज काहीतरी घेऊन जायचे. कोथिंबिरीची सांबारवडी, तिळाची चटणी, बिनसाखरेची खीर. जणू माणसाचं पोट भरलं की त्याचं मन भरतं. ती सगळं आवडीने खायची आणि म्हणायची, "वडी झाली चांगली. टाळीच वाईट होती." मला हसू यायचं आणि घरी येऊन रडू. कधी दुपारी जिन्यात असताना वरून सूर ऐकू यायचे. तोच तुकडा होता का, मला नक्की सांगता यायचं नाही, मी पाय न वाजवता उभी राहायचे. पण माझे गुडघे करकरतात, तिचे कान तिखट. सूर थांबायचे, झाकण लागल्याचा आवाज यायचा, आणि मग, "ये वं वर, किती वेळ उभी राहशील?"

एकदा ती संत्रं सोलत बसली होती तेव्हा मी विचारलंच. "खरं सांग यशू. तुले पुढचं येत होतं का?"

तिने एक फोड काढली, पांढरे धागे एकेक करून ओढले. मग म्हणाली, "मले काय माहीत? तू कुठं समजू दिलं?" आणि ती फोड माझ्या हातावर ठेवली.

उन्हाळ्यात ती गेली. घरी बुद्धवंदना झाली, तिच्या भाचीने पियानोवर पांढरी चादर घातली. दोन आठवड्यांनी जुन्या-नव्या शिष्यांनी त्याच सभागृहात सभा ठेवली आणि मला म्हणाले, काकू, तुम्ही बोला, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं. मी तयारी करून गेले होते. आडनावाचा किस्सा, भाजलेली जीभ, बॅडमिंटनची जाळी. लोकांना हसवायचं आणि खाली उतरायचं. टाळीचं काही बोलायचं नव्हतं. हसवलंही. आणि मग मी म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात यशू..." आणि अडले.

मी! जिच्या तोंडाला आजवर कुलूप लागलं नाही. शब्दच सापडेना. समोर सगळं सभागृह. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, पाणी आणेल, प्रशांत येऊन दंडाला धरून खाली नेईल, कुणीतरी दयेने टाळी वाजवेल आणि मी सुटेन. कुणी उठलं नाही. पहिल्या रांगेत रेवाने हात मांडीखाली घातले. मग तिच्या शेजारच्या पोराने. मग मागे, खुर्च्या करकरत गेल्या, एकेक रांग. टक्कल पडलेले डॉक्टर, पोटं सुटलेले वकील, मांडीवर लेकरं बसवलेल्या बाया, ज्यांना मी फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. माझा प्रशांत, पन्नाशीचा. सगळ्यांचे हात मांडीखाली. कुणाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. घाई नव्हती. ते नुसते माझ्यासाठी थांबले होते.

मी आयुष्यभर त्या शांततेला घाबरले. बाहेरून ती विहिरीसारखी दिसते, वाटतं माणूस बुडतो आहे, दोर टाका. आत उभं राहिलं तर तसं काहीच नसतं. पायाखाली जमीन असते. घाबरवणारं जे काही होतं ते माझ्या खुर्चीत होतं, तिच्या खुर्चीत नव्हतं. ती डोळे मिटून अशीच उभी असणार, म्हणजे बसलेली, निवांत, गाव आपल्यासाठी थांबलं आहे हे तिला ठाऊक असणार, तिनेच तर शिकवलं होतं त्या गावाला. आणि तेवढ्यात माझी टाळी...

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वाक्य आलं. जे ठरवलं होतं ते नव्हतं. मी म्हणाले, "यशूले पुढचं येत होतं का, मले माहीत नाही. मले थांबता आलं नाही." आणि खाली उतरले. त्यावर कुणी टाळी वाजवली नाही. बरं केलं.

लोक मला म्हणतात, मोबाइलवर तो तुकडा मिळेल, ऐकून घ्या पुढचा. रेवा तर शोधून द्यायला तयार आहे. मी नको म्हणते. तिने वाजवला असता तसा तो कुणीच वाजवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून शेवट ऐकून मी सुटायचा प्रयत्न करावा, एवढी लबाडी लूडोपुरतीच बरी.

तिच्या भाचीने खोलीची किल्ली माझ्याकडे दिली आहे. पियानोचं काय करायचं ते दिवाळीनंतर ठरेल. सध्या पाऊस लागला आहे, लाकूड फुगतं. म्हणून मी रोज संध्याकाळी जाते, फळी काढून आतला बल्ब लावते, आणि समोर पालकांसाठी ठेवलेल्या लोखंडी खुर्चीवर बसते. खोलीतला दिवा लावत नाही. फटीतून पिवळा उजेड येतो. हात आपोआप मांडीखाली जातात. पाच मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, तरी काढत नाही.

होऊ दे वं यशू, निवांत. मी बसली आहो.